बद्द आवाजाची काठी

पहिला मजला
७ मार्च

वरच्या मजल्यावरचे उस्ताद यांस,

नमस्कार पहिल्याच ओळीत उरकून घेते, कारण पुढच्या मजकुरात त्याला जागा नाही.

आपण माझ्या डोक्यावर काठ्या शिकवायला लागलात त्याला वर्ष होत आलं. डोक्यावर हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आपल्या तालमीची लाकडी जमीन हेच माझ्या झोपायच्या खोलीचं छत आहे. मी निवृत्त बाई आहे. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली, शेवटी पर्यवेक्षक होते. आयुष्यभर लोकांचं बोलणं कानात घेतलं, आता कानांना जरा आराम द्यावा म्हणून ही शांत जागा घेतली, आणि वर आपण आलात.

तरी वर्षभर मी गप्प बसले. माणूस कशालाही सरावतो. सकाळच्या तुकडीत एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनातल्या मनात हत्ती म्हणते. ते डावा पाय टाकतात तेव्हा माझ्या कपाटातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागतात. दुपारी लहान मुलं येतात. त्यांच्या हातून काठी सुटते, गडगडत भिंतीपर्यंत जाते आणि एक काठी आणायला अख्खा वर्ग धावतो. संध्याकाळी मोठ्यांची जोडी खेळते. तो आवाज मला, खरं सांगायचं तर, आवडायला लागला होता. टणक आणि स्वच्छ. टक्, टक्, मग जरासं थांबून पुन्हा टक्.

गेल्या आठवड्यापासून त्या जोडीतली एक काठी बिघडली आहे. तिचा आवाज बद्द येतो, तडा गेलेलं मडकं बोटाने वाजवावं तसा. हे सगळं बरोबर माझ्या पलंगाच्या वर चालतं. भातात खडा लागावा तसं मला दर वेळी होतं. कृपा करून ती काठी फेकून द्यावी.

दुसरी गोष्ट शिष्टाचाराची. परवा जिन्यात मी आपल्याला दोनदा हाक मारली. आपण वळूनही न बघता खाली उतरून गेलात, एखाद्या मंत्र्यासारखे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशा मुलीला मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभं करत. आपल्याला उभं करणारं कुणी नाही, म्हणून लिहून कळवते आहे.

आपली,
खालची बाई

———

दुसरा मजला
९ मार्च

आदरणीय बाई,

आपलं पत्र दाराच्या फटीतून आत आलं ते नेमकं सकाळच्या तुकडीच्या पायाखाली. कागदाच्या कोपऱ्यावर मोठा ठसा आहे, तो आपण ज्यांना हत्ती म्हणता त्यांचा. त्यांना मी पत्र दाखवलं नाही. बेकरीवाले आहेत, फार मऊ मनाचे.

मला लिहायची सवय नाही. हातात पेनापेक्षा काठी जास्त राहिली. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. आपल्या पलंगाच्या वरच्या भागात उद्यापासून जुन्या सतरंज्या अंथरतो. मुलांच्या हातून काठ्या पडतात तरी मी त्यांना रागावत नाही, त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे सुरुवातीला वार शिकवतच नाहीत. काठी या हातातून त्या हातात द्यायची, एवढंच. चालताना द्यायची, बसताना द्यायची, गप्पा मारताना द्यायची, तिच्याकडे न बघता. ती पडणारच. पडायची भीती गेली की मग ती हाताला चिकटते.

त्यानंतर कळतं कुणाचं लाडकं हत्यार कुठलं. मुलांना सरसकट लाकडी तलवार हवी असते, कारण ती कमरेला अडकवून मिरवता येते. बेकरीवाल्यांना भाला आवडतो, कारण काम लांबून होतं आणि पळावं लागत नाही. बँकेतले एक कारकून आहेत, दिवसभर शिक्के मारतात आणि इथे आले की जड सोटा मागतात. संध्याकाळच्या जोडीत ते असतात. त्यांच्यासमोर असतात आमच्या शिंपीणबाई. त्यांना लांब काठीच लागते. त्या म्हणतात, कापडाची सुलटी बाजू बघून बघून कंटाळा आला, काठीला उलटं-सुलटं नसतं, दोन्ही टोकं कामाची. माझंही मन काठीवरच आहे. फक्त ती धरणाऱ्याच्या भुवईइतकी उंच असावी. त्याहून लांब झाली की माणूस काठी खेळवत नाही, काठी माणसाला खेळवते.

आपण लिहिता तो बद्द आवाज मात्र मला सापडला नाही. सगळ्या काठ्या एकेक करून वाजवून पाहिल्या. सगळ्या ठीक आहेत. जमीन जुनी आहे, एखादी फळी सैल झाली असेल. किंवा आपल्या छताचाच आवाज असेल.

जिन्यात माझं लक्ष नव्हतं. क्षमा असावी.

आपला नम्र,
वरच्या मजल्यावरचा

———

पहिला मजला
११ मार्च

उस्ताद,

माझ्या छताचा आवाज. बरं.

आमच्या शाळेत एक मोठी घंटा होती. एक दिवस तिचा आवाज बसला. मी मदर सुपिरिअरना जाऊन सांगितलं. त्यांनी मला विचारलं, तुझं लक्ष प्रार्थनेत असतं की घंटेत? पुढच्याच आठवड्यात घंटेच्या काठाचा टवका उडून माळ्याच्या पुढ्यात पडला. माळी थोडक्यात वाचला. मला कुणी सॉरी म्हटलं नाही. तेव्हापासून "तुला भास झाला असेल" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि आता या वयात ते जागेवर यायला वेळ लागतो.

म्हणून काल संध्याकाळी मी स्वतः वर आले. आपल्याला आठवत असेल. दारावरची घंटी दाबली, पुन्हा दाबली. आपली पाठ माझ्याकडे होती. अख्ख्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं, आपण सोडून. शेवटी शिंपीणबाईंनी आपल्या दंडाला हात लावला तेव्हा आपण वळलात आणि छान हसलात. मी विचारलं, मधोमध वार बसला की बद्द वाजते ती काठी कुणाची? आपण म्हणालात, "हो हो, नक्की." मी म्हटलं, नक्की काय? तर आपण म्हणालात, "हो हो, बसा ना."

मी बसायला आले नव्हते.

पण उभ्या उभ्या जे पाहिलं ते सांगते. बद्द वाजते ती शिंपीणबाईंच्या हातातली काठी, काळपट, मधल्या भागावर जाडजूड दोरी गुंडाळलेली. ती त्या दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरतात आणि कारकून वरून सोटा हाणतात. वार बसतो तो बरोबर त्या दोरीवर. काठी तिथे मोडली तर सोटा पुढे कुठे येईल, हे कळायला उस्ताद असावं लागत नाही.

सतरंज्यांबद्दल आभार. मी उपकार मोजकेच मानते, पण मानते.

खालची बाई

———

दुसरा मजला
१३ मार्च

बाई,

आपण पाहिलीत ती काठी माझी आहे. माझ्याआधी ती माझ्या उस्तादांची होती. त्यांनी ती मला दिली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. देताना त्यांनी एवढंच सांगितलं, हिला सांभाळ, दोरी सोडू नकोस. तेव्हापासून आमच्याकडे तो रिवाजच झाला आहे. उस्तादाने बांधलेली दोरी शिष्याने कधी सोडायची नाही. झिजली की वरून नवी गुंडाळायची. माझे विद्यार्थीही आपापल्या काठ्यांना तसंच करतात.

ही काठी मी कुणाला देत नव्हतो. महिनाअखेरीला पालकांपुढे प्रात्यक्षिक आहे. शिंपीणबाईंनी इतकी मेहनत घेतली आहे की त्या दिवशी त्यांनी हिच्यानेच खेळावं असं मीच ठरवलं आणि सरावालाही हीच दिली. त्याला दोन आठवडे होत आले.

मी ती परत वाजवून पाहिली. तिच्यात काही दोष नाही. आपण शिकलेल्या आहात, आपला मान ठेवून लिहितो, की हत्याराची पारख ते वापरणाऱ्यांवर सोडावी.

वरच्या मजल्यावरचा

———

पहिला मजला
१३ मार्च, संध्याकाळ

उस्ताद,

तुमचं पत्र वाचून मी आधी रीतसर रागावले. रागातच चहा टाकला. तो कपात ओतता ओतता एकदम उमगलं आणि कप तसाच ओट्यावर राहिला.

"हो हो, नक्की."

हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं आहे. ज्याला फोनवर ऐकू येत नाही तो माणूस "ऐकू येत नाही" असं कधीच म्हणत नाही. त्याला लाज वाटते. तो "हो हो" म्हणतो. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवायचे, की पलीकडचा दोनदा हो म्हणाला तर समजा, त्याच्यापर्यंत काही पोचलेलं नाही. जिन्यातली हाक, दारावरची घंटी, दाराकडे केलेली, न वळणारी पाठ, एवढं सगळं समोर असून मला कळू नये? मला निवृत्त केलं ते योग्यच केलं म्हणायचं.

तुम्हाला कमी ऐकू येतं. बरेच दिवस येत असणार. पायांचा धप्प कळत असेल, बारीक आवाज गेले असतील. म्हणून चांगली काठी आणि तडकलेली काठी तुमच्या कानाला सारखीच. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुम्ही खरोखर वाजवून पाहिलीत आणि तुम्हाला ती खरोखर ठीक वाटली. मला भीती वाटते ती याचीच.

माझ्या शब्दावर जाऊ नका. आमच्या शाळेत पियानो शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. कान गेले तेव्हा त्या लाकडी पट्टीचं एक टोक दातांत धरायच्या आणि दुसरं पियानोला टेकवायच्या. आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो. पण एखादीचा सूर चुकला की पट्टी दातांतून निघून सरळ तिच्या बोटांवर बसायची. आवाज हाडांतूनही जातो, उस्ताद. तुम्ही तेच करा. काठी खुर्चीच्या पाठीवर टेकवा, एक टोक दातांत धरा आणि लांब दांड्याच्या पळीने दोरीच्या पलीकडे वाजवा. आधी एखादी साधी, चांगली काठी घ्या. मग तुमची.

शिंपीणबाईंचं पोट त्यांच्या डोळ्यांवर चालतं. ती काठी त्यांच्या हातात देऊ नका, एवढंच मागते. राग आला तर माझ्यावर काढा. मला सवय आहे.

खालची बाई

———

पहिला मजला
२५ मार्च

उस्ताद,

वर काय चाललं आहे? म्हणजे काहीच का चाललेलं नाही?

त्या पत्राच्या दुसऱ्या दिवसापासून तालीम बंद. काठी नाही, पाय नाही, मुलांची धावाधाव नाही. खाली वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, कुलूप आहे, उस्ताद मुलीकडे गेलेत, कधी येणार ते माहीत नाही. हे माझं पत्र दाराखालून सरकवते आहे, ते रिकाम्या खोलीत पडून राहील हे मला दिसतं आहे, तरी सरकवते आहे.

मी शांतता मागितली होती हे खरं आहे. पण इतकी मागितली नव्हती. सकाळी हत्तींच्या वेळेला मला आपोआप जाग येते आणि मी छताकडे बघत पडून राहते. बशा गप्प आहेत. माझ्या बोलण्याने एखादा माणूस दुखावला तर मी सहसा म्हणते, बरं झालं. या वेळी तसं वाटत नाही. जे लिहिलं ते मागे घेणार नाही, कारण ते खरं आहे. पण जिन्यात थांबवून, समोर उभं राहून, तुम्हाला ओठ दिसतील असं हळू सांगितलं असतं तर चाललं असतं. मला चांगलं सांगता येतं, कधी कधी.

प्रात्यक्षिक होणार नाही हे वॉचमनने सांगितलं. शिंपीणबाई बऱ्या आहेत ना, तेवढं कळवा.

खालची बाई

———

दुसरा मजला
२८ मार्च

ताई,

शिंपीणबाई सुखरूप आहेत. तुमच्यामुळे आहेत. हे सगळ्यात आधी लिहितो.

तुम्हाला ताई म्हटलं, विचारलं नाही. आता नाही कसं म्हणाल.

तुमचं पत्र वाचून मी ते फाडलं. दोनच तुकडे केले, कारण दुसऱ्यांदा फाडायला हात उचलला नाही. दोन वर्षं मी हे लपवत होतो. हात खाली गेला की मुलांनी वार करायचा, अशी खूण मीच सुरू केली, म्हणजे मला त्यांचा होकार ऐकावा लागू नये. त्यांना वाटायचं ही शिस्त आहे. बहिऱ्या माणसाच्या हाताखाली आपलं मूल काठी घेऊन कोण पाठवेल? आणि तालीम गेली तर मी कोण? मला दुसरं काही येत नाही.

वर्ग सुटल्यावर दार लावून घेतलं. बेकरीवाल्यांची पळी तालमीतच असते, काठ्यांना लावायचं तेल ते तिनेच काढतात. मुलांची एक काठी दातांत धरली आणि वाजवली. ताई, काय सांगू. आवाज सरळ डोक्यात आला, कवटीच्या आत कुणी दिवा लावावा तसा. दोन वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता. वेड्यासारखा एकामागून एक सगळ्या काठ्या वाजवत बसलो. डोळ्यांना पाणी आलं. मग माझी घेतली.

दोरीच्या अलीकडे वाजवली तर आवाज आला. पलीकडे वाजवली तर आला नाही. मध्येच कुठे तरी बसला.

मी दोरी सोडली. आधी माझे स्वतःचे थर निघाले, एकाखाली एक. मग उस्तादांची दोरी आली, काळी आणि मेणकट. तिथे बराच वेळ थांबलो. शेवटी तीही सोडली. खाली लाकडात जुनी चीर होती आणि चिरेत लाख भरलेली होती. ती भरलेली माझ्या उस्तादांनी, त्यांच्या हाताने. म्हणजे काठी मला दिली तेव्हाच ती तडकलेली होती. हिला सांभाळ, दोरी सोडू नकोस. ते मला सांगत होते की ही आता जखमी आहे, हिच्यावर वार घेऊ नकोस. मी तिची पूजा केली आणि तिच्यावर वार घेत राहिलो. रिवाज म्हणून पोरांनाही शिकवलं, की आत काय आहे ते बघू नका. इतकी वर्षं त्यांच्याच दोरीने मला सांभाळलं. आता लाख सुटली होती. सकाळी सुताराकडे नेली, त्याने नुसती गुडघ्यावर धरून दाबली तर दोन तुकडे झाले.

मग मी वर्गाला उभं करून सगळं सांगितलं, कानांसकट. प्रात्यक्षिक रद्द केलं, कुलूप लावलं आणि मुलीकडे गेलो. मनात होतं की आता उघडायचं नाही. मुलीने कानांच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन मिळालं आहे. त्यात पंख्याचा आवाज माणसांपेक्षा मोठा येतो.

परवा शिंपीणबाई तिथे येऊन थडकल्या, सोबत कारकून. मी म्हटलं, अहो, मी तुमचं डोकं फोडलं असतं. त्या म्हणाल्या, "उस्ताद, तुमचे कान गेलेत, हात गेलेले नाहीत. आम्हाला हातांचं काम आहे. कान खालच्या बाईंचे घेऊ."

म्हणून हे विचारतो. दर रविवारी सकाळी सगळी हत्यारं एकदा वाजवून तपासायची आणि कुणाच्याही काठीची दोरी सोडून बघायची, असा नवा नियम केला आहे. तुम्ही वर येऊन ऐकाल का? खिडकीपाशी खुर्ची ठेवतो. पाठीची, हातांची.

तुमचे उपकार मोजता येत नाहीत.

वरचा

———

पहिला मजला
३ एप्रिल

उस्ताद,

ताई म्हणायला परवानगी आहे. मी वयाने मोठी आहे की नाही याची चौकशी केलीत तर परवानगी काढून घेईन.

कालच्या रविवारचं लिहून पाठवते, कारण मशीन कानात असलं तरी तुम्ही अर्धं "हो हो" करत होतात आणि मला ते कळत होतं. मशीनला वेळ द्या. नव्या मुलींनाही हेडफोनची सवय व्हायला महिने लागायचे.

मुलांच्या सगळ्या काठ्या चांगल्या आहेत. दोन तलवारी बाद. ज्यांच्या त्या होत्या त्यांनी रडून घेतलं. मी रडू दिलं, मग त्यांनाच काठी वाजवून "बद्द की स्वच्छ" ते ओळखायला लावलं. आता त्यांना तलवारीपेक्षा तेच आवडतंय. कारकुनांच्या सोट्याला टोकाशी बारीक चीर आहे. ते म्हणाले, "बाई, हा सोटा म्हणजे माझा उजवा हात आहे हो." मी म्हटलं, मग सोमवारपासून शिक्के डाव्या हाताने मारा. शिंपीणबाईंना इतकं हसू आलं की त्यांना खाली बसावं लागलं. नवा सोटा करायला दिला आहे. त्यालाही ते लवकरच उजवा हात म्हणतील.

बेकरीवाल्यांनी जाताना मला हळूच विचारलं, की तुम्ही कुणाला तरी हत्ती म्हणता असं ऐकलंय, तो कोण? मी छताकडे बघितलं. ते म्हणाले, "मीच ना?" आज सकाळपासून ते चवड्यांवर पाय टाकताहेत. बशा बोलत नाहीत. त्यांना सांगा, पूर्वीसारखं चालू दे. मला वेळ कळत नाही.

आणखी एक. शिंपीणबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला अशा वेळी काय करायचं ते कळत नाही. आमच्या शाळेत ते शिकवलं नाही. मी म्हटलं, ब्लाउजच्या बाह्या घट्ट होतात, बघाल का? त्या म्हणाल्या, उद्या पाठवा.

उपकाराचं लिहिलंत, त्याला उत्तर देते आणि तो विषय मिटवते. एक्सचेंज सोडल्यापासून मला कुणी "ऐका" असं म्हटलं नव्हतं. फक्त "ऐकून घ्या" म्हणतात, सुना, शेजारी, औषधाच्या दुकानातला मुलगासुद्धा. तुम्ही खुर्ची ठेवलीत आणि सगळे गप्प झाले, मी ऐकावं म्हणून. मी खाली येऊन थोडा वेळ पलंगावर नुसती बसून राहिले. आभारी आहे. हा शब्द मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

ताई

———

दुसरा मजला
१९ एप्रिल

ताई,

सोबत एक वस्तू पाठवतो. वॉचमनकडे दिली आहे.

सुताराने काठीचा चिरेपासून दूरचा, निरोगी तुकडा कापून घासून दिला. भुवईइतका नाही, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आहे. तुमच्या हाताचं माप शिंपीणबाईंनी दिलं. बाहीच्या निमित्ताने घेतलं म्हणे.

आमच्याकडे उस्तादाची काठी पट्टशिष्याला जाते. माझे उस्ताद म्हणायचे, पट्टशिष्य तो नव्हे जो चांगला खेळतो. उस्तादाचं चुकलं तर तोंडावर सांगतो तो. हे वाक्य मी इतकी वर्षं मुलांना ऐकवत आलो. तसं करणारं कुणी समोर आलं तेव्हा त्यांना लिहिलं, की पारख आमच्यावर सोडा.

दोरी बांधलेली नाही. आत झाकण्यासारखं काही नाही. तुम्ही वाजवून बघालच.

वरचा

———

पहिला मजला
२१ एप्रिल

उस्ताद,

वाजवून बघितली. आधी ओट्यावर, मग दार लावून दातांत धरून, सिस्टरांची मनातल्या मनात माफी मागून. स्वच्छ आहे. वास तुमच्या तालमीच्या तेलाचा येतो. आता माझ्या उशीलाही येतो.

तिचा उपयोग काय करायचा ते ठरवलं आहे. माझ्या खोलीत कोपऱ्यात लाकडी खांब आहे. तो सरळ वर जाऊन तुमच्या जमिनीला भिडतो. रविवार सोडून इतर दिवशी काही बद्द ऐकू आलं तर मी त्या खांबावर दोनदा ठोकेन. तेव्हा हातातलं सगळं थांबवायचं, वाद घालायचा नाही. सगळं ठीक असेल तर संध्याकाळची जोडी खेळून झाली की एकदाच ठोकेन, म्हणजे तुम्ही निर्धास्त कुलूप लावून जेवायला जाल.

आज जोडी छान खेळली. कारकुनांचा नवा सोटा चांगला बोलतो. शिंपीणबाईंनी मधला वार घेतला तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकत होते. शेवटी एकदा ठोकलं.

ऐकू आलं का, ते कळवा.

ताई

———

दुसरा मजला
२१ एप्रिल

ताई,

मशीन काढून ठेवलं होतं, घामाने खराब होतं म्हणून.

अनवाणी उभा होतो. तळव्यांतून वर आलं. स्वच्छ.

वरचा